दस्तगीरचाचांचा कलेक्टर

दस्तगीरचाचा नवीन माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पाय बघतात. मग एक फेरी मारून मागून बघतात, समोर येऊन डोळ्यात डोळा घालतात आणि निकाल सांगतात. निकाल हळू आवाजात सांगावा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आम्ही सोलापुरात या गल्लीत राहायला आलो त्या दिवसाची गोष्ट. टेम्पोतून सामान उतरत होतं. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावाहून आणलेलं ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन मी जिन्यापाशी उभा, आणि चौकड्याची लुंगी नेसलेला, पांढऱ्या दाढीचा एक उंच म्हातारा माझ्याभोवती गोल फिरतोय. मला वाटलं, पोत्याला हात लावायला आलेत.

"पाय सरळ हायेत," म्हातारा म्हणाला. "छाती बी बरी हाय. मान मातर जरा लांब पडली बे."

मी पोतं खाली ठेवून काही बोलणार, तोवर ते माझ्या बायकोसमोर जाऊन उभे. मंगलच्या डोक्यावर कुकरचा खोका होता. त्यांनी तिच्या डोळ्यांकडे निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डोळा मोत्याचा हाय हिचा. सांभाळून ठेव."

मंगल तो सगळा दिवस गाणं गुणगुणत भांडी लावत होती. मी मात्र आरशासमोर कॉलर वर करून, खाली करून बघत होतो. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून एक दणदणीत बांग आली, तेव्हा कळलं की आमची दोघांची परीक्षा कोंबड्यांच्या हिशेबानं झाली होती, आणि मी काठावर पास झालो होतो.

चाचा असील पाळतात. असील ही आपल्याकडची जुनी खानदानी जात. उंच, ताठ, अंगासरशी पिसं, आखूड जाड चोच, डोक्यावर तुरा जवळजवळ नाहीच, आणि डोळा पांढुरका, मोत्यासारखा. पिंजऱ्यातल्या पोल्ट्रीच्या कोंबडीशेजारी असील उभा केला, तर तो तिच्याकडे बघत नाही. ती बिचारी बघत राहते.

आयुष्यभर चाचांनी हैदराबाद रोडवरच्या एका गॅरेजात ट्रक रंगवले. त्यामुळे कोंबड्यांबद्दल ते बोलतात ते सगळं ट्रकच्या भाषेत. "चासी आधी, बॉडी मागनं, रंग सगळ्यात शेवटी," हे त्यांचं पहिलं कलम. चासी म्हणजे हाडांचा सांगाडा. एखादा हौशी माणूस तांबडालाल कोंबडा बगलेत मारून मोठ्या आशेनं दाखवायला येतो. चाचा कोंबड्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवतात आणि म्हणतात, "रंग झकास मारलाय. खाली काय न्हाई. हा बॉडी बिल्डरनं फसवलेला माल हाय."

रंगाच्या बाबतीत तर विचारूच नये. त्यांना लाखा रंग पाहिजे. लाखा म्हणजे लाखेसारखा गडद तांबडा, वर उन्हात झळाळी आणि आत कुठंही करडी छटा नाही. तो मिळवायला त्यांनी कित्येक पिढ्या घालवल्या. कोंबड्यांच्या पिढ्या, पण त्यात चाचांची दाढीही काळ्याची पांढरी झाली. दरवर्षी पिल्लांना पिसं फुटली की ते मला हाक मारत. "सुभाष, वर ये बे. बघ हे." मला सगळी पिल्लं सारखी तांबडी दिसायची. "हा नुसता प्रायमर हाय," चाचा एकाकडे बोट दाखवून म्हणायचे. "ह्याला ऑक्साइड म्हणतात. आणि ह्यो, ह्याला पहिला हात बसलाय. पुढच्या पिढीत फायनल बसंल."

मी मान डोलवायचो. लांब असल्यामुळे ती चांगली डोलते.

कोंबड्यांना नावं देण्याची त्यांची पद्धत सरकारी होती. हवालदार, तलाठी, मामलेदार, तहसीलदार. पिल्लू जसं अंगानं भरेल तशी त्याला बढती. एखादा पक्षी कुणाला दिला, तर "बदली झाली" म्हणायचं. यात त्यांना काही गंमत वाटत नसे, पण बाहेरच्यांचा गोंधळ व्हायचा. एकदा एका सरकारी कचेरीत दाखल्यासाठी आम्ही दोघं रांगेत उभे होतो. चाचांना काहीतरी आठवलं. त्यांनी फोन काढून मंगलला लावला आणि रांगेच्या मधोमध ओरडले, "मंगल बेटा, वर जाऊन बघ जरा. तहसीलदार मोकळा सुटला असंल, त्याला आधी डालग्याखाली कोंड. काल त्यानं मामलेदाराला रक्त येस्तवर हाणलंय."

रांग वळून आमच्याकडे बघू लागली. खिडकीतल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि आमचा दाखला सगळ्यांच्या आधी दिला.

आमच्या मेव्हणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा गल्लीतले वडीलधारे म्हणून चाचांना बोलावलं होतं. मुलगा पोहे खात बसलेला. चाचा म्हणाले, "उभा राहा बघू." तो बशी हातात घेऊन उभा राहिला. चाचांनी फेरी मारली. मुलाचे वडील खाकरले. मंगलनं कपाळाला हात लावला. "द्या पोरगी," चाचा म्हणाले. "चासी अव्वल हाय. रंग काय, उन्हानं उडालाय, सावलीत बसला की येईल परत." लग्न झालं, संसार चांगला चाललाय. पण माझा साडू अजूनही चाचा दिसले की हातातलं टाकून उभा राहतो आणि छाती पुढं काढतो.

चाचा कोंबडी खात नाहीत. लग्नाच्या दावतीत कुणी ताटात तंगडी वाढली, तर ती उचलून उजेडात धरतात. "ह्याला पाय म्हणायचं?" एवढंच म्हणतात आणि डाळीकडे वळतात. झुंजीसाठी कोंबडा मागायला येणाऱ्यांचं मात्र ते ऐकूनही घेत नाहीत. एकदा एक गळ्यात साखळी घातलेला गृहस्थ मोठ्या गाडीतून आला. चाचांनी त्याला शांतपणे विचारलं, "नवीन रंगवलेली गाडी तुमी मुद्दाम भिंतीवर घालता का?" तो नाही म्हणाला. "मग जावा," चाचा म्हणाले.

त्यांची हौस एकच, प्रदर्शन. वर्षातून एकदा, थंडीत, शेतीच्या प्रदर्शनात कोंबड्यांचा एक वेगळा मांडव असतो. तिथं पक्षी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. आपापल्या पिंजऱ्यात उभे राहतात, परीक्षक येतात, ठेवण बघतात, रंग बघतात, उभं राहण्याचा रुबाब बघतात. बस. या एका दिवसासाठी चाचा वर्षभर जगतात, आणि आदल्या दिवशी आम्हाला जगू देत नाहीत.

कारण आदल्या दिवशी आंघोळ असते. तीन बादल्या, एक शाम्पूची, दोन कोमट पाण्याच्या. मग मंगलचा केस वाळवायचा ड्रायर. मग तळहातावर खोबरेल तेलाचे थेंब घेऊन पायाच्या खवल्यांना, चोचीला आणि तुऱ्याला हलकं मालिश. मंगल आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ड्रायर शोधत होती, आणि तो वर एका कोंबड्यावर चालू होता. "बेटा, तुझे केस उद्या बी वाळतील," चाचा म्हणाले. "ह्याची उद्या तारीख हाय."

या सगळ्यात चाचांचा एकच शत्रू होता. दुधनीची नीलव्वा.

दुधनी म्हणजे अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाला टेकलेलं गाव. तिथून ही बाई एसटीनं दोन टोपल्या घेऊन यायची. ठेंगणी, खणाची चोळी, नाकात मोठी फुली. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि मराठीतल्या कोंबड्याला कधी 'आला' तर कधी 'आली'. तिच्याकडं कोंबडे साधारण, पण कोंबड्या अशा की मांडवातली गर्दी तिच्या पिंजऱ्यापुढं थांबायची. तिची तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली कोवळी कोंबडी, पिंजऱ्यात नुसती वळली तरी लोक "वा" म्हणायचे. चाचांकडं नेमकं उलटं. नर अव्वल, माद्या यथातथा. दोघांनी एकमेकांचे पक्षी घेतले असते तर दोघांचंही भलं झालं असतं. पण चाचांनी एकदा तिची तलंग मागितली होती आणि ती म्हणाली होती, "बेड, नको. तुमच्या घरात कोंबडीला नाव बी न्हाई. सगळी नावं कोंबड्यास्नी." मग तिनं एकदा नर मागितला, तेव्हा चाचा म्हणाले होते, "आमचे साहेब लोक तालुक्याबाहेर जात नाहीत."

तेव्हापासून पिंजरे शेजारी शेजारी आणि भांडण दिवसभर.

"पेंटर," नीलव्वा म्हणायची, "तुझी कोंबडा शेपटीत केरसुणी बांधली काय?"

"सुभाष," चाचा मला सांगायचे, तिच्याकडं न बघता, "बाईला विचार, तलंगीला काल रंग दिला का परवा? वास येतोय."

"ह्यांना सांग, नाक पुसून घे. सर्दी हाय."

मी मधे उभा राहून सांगत काहीच नसे. माझी गरज फक्त सांगायला कुणीतरी पाहिजे एवढीच. दुपारी ती भाकरी सोडायची आणि मधल्या पत्र्यावर शेंगाचटणीचा डबा ठेवायची. चाचा तिकडं न बघता हात लांब करून चटणी घ्यायचे. "तिखट न्हाई," म्हणायचे, आणि परत घ्यायचे.

गेल्या थंडीत चाचांना अखेर हवा तसा लाखा मिळाला. त्याला त्यांनी थेट कलेक्टर केलं, मधल्या सगळ्या बढत्या वगळून. मलासुद्धा दिसलं, यात काहीतरी वेगळं होतं. सकाळच्या उन्हात तो कठड्यावर उभा राहिला की खालून शाळेला जाणारी पोरं थांबायची. पाठ घसरगुंडीसारखी उतरती, मांड्या भरलेल्या, आणि तांबडा असा की दुसरा शब्द सुचू नये. "फायनल हात," चाचा म्हणाले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आता बघतो ती काय बोलती."

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर चादर अंथरून कलेक्टरसाहेबांना मांडवात नेलं. चिंचोळीच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, त्या दिवशी रजा टाकली होती. चाचांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. पिंजऱ्याच्या काड्या पुसल्या, कलेक्टरला आत सोडलं, आणि शेजारच्या पिंजऱ्याकडं पाठ करून उभे राहिले. दुरून कुणी टोपली घेऊन आलं की मान न वळवता मला विचारायचे, "आली का?"

"नाही."

"एसटी उशिरा असंल."

परीक्षक आले. कलेक्टरला बाहेर काढलं, पायांवर उभं केलं, पंख उघडून बघितला, उन्हात धरला. एक परीक्षक दुसऱ्याला काहीतरी म्हणाले आणि दोघंही पुन्हा एकदा फक्त बघण्यासाठी मागं आले. चाचांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष शेजारच्या रिकाम्या पिंजऱ्यात.

पहिला नंबर लागला. कप मिळाला. फोटोला लोक जमले. चाचांनी कप घेतला तो पाण्याचा तांब्या घ्यावा तसा, आणि गर्दीतून वाट काढत अक्कलकोटकडच्या एका कोंबडीवाल्याला गाठलं. "दुधनीची बाई कशी न्हाई आली?"

"तुमाला म्हाईत न्हाई होय चाचा?" तो म्हणाला. "पावसाच्या आधी मानमोडी आली की तिकडं. तिचं सगळं खुराडं गेलं. आठवड्यात सफाचाट."

मानमोडी हा कोंबड्यांचा जुना रोग. पक्षी माना टाकतात, पिळवटल्यासारख्या वाकतात आणि पटापट जातात. आमच्या गावातही कधीतरी यायचा. चाचा तिथंच एका पोत्यावर बसले. लोक येऊन हात मिळवत होते. "चाचा, अभिनंदन." "चाचा, मानलं तुमाला." चाचा प्रत्येकाला मान हलवत होते. मग मला म्हणाले, "सुभाष, मग मी हरवलं कुणाला?"

मी कलेक्टरला उचलून गाडीत ठेवलं. आम्ही घरी आलो. मंगलनं पेढे आणले होते, ते त्यांनी गल्लीत वाटायला सांगितले आणि वर निघून गेले.

पुढच्या रविवारी सकाळी खालून हाक आली. "सुभाष, गाडी काढ. दुधनीला जायचंय."

"कशाला?"

"तिला कप दाखवायचाय. जळू दे जरा."

मी खाली आलो तर मागच्या सीटवर चादर अंथरलेली आणि डालग्यात कलेक्टर. "ह्याला कशाला?"

"हवा खाईल की," चाचा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. कलेक्टर एरवी प्रदर्शनाशिवाय गच्चीवरून खाली उतरलेला नव्हता.

नीलव्वाचं घर गावाबाहेर, तुरीच्या रानाला लागून. समोर कडुलिंब, त्याखाली शहाबादी फरशीची खुराडी, ओळीनं. सगळी पांढरीफेक आणि सगळी रिकामी. ती ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. आम्हाला बघून उठली नाही. मला म्हणाली, "बर्री, कुंद्र्री," म्हणजे या, बसा. चाचांना म्हणाली, "काय पेंटर, वाट चुकली?"

"कप दाखवायला आलो." चाचांनी कप तिच्यापुढं ओट्यावर ठेवला.

तिनं उचलला, उलटा केला, बोटानं वाजवला. "हलकी हाय. कोंबड्यास्नी पाणी प्यायला ठेव."

"पहिला आला कलेक्टर."

"दुसरा कोण होती?"

"बार्शीकडचा कोणतरी."

"मग येणारच की पहिला. मी कुटं होती?"

"तेच म्हणतोय की मी!" चाचा एकदम ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "तू नव्हतीस तर त्या कपात काय हाय? बार्शीवाल्याला हरवायला मी इतकी वर्सं घालवली का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "लस उशिरा आली," म्हणाली. "सकाळी उठली की काही पडलेली, दुपारी काही. एन माडली, काय करू? पुरून आली सगळी. लेक म्हणतो, पुण्याला ये, फ्लॅटमधी बस, टीव्ही बघ. जाणार आता. बंद केलं सगळं."

चाचा उठले आणि खुराड्यापाशी गेले. वाकून आत बघितलं. भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाचा चुना निरखून बघितला. जुनी सवय. "हा कधी मारला?"

"दिवाळीला."

"आणि त्याच्या खाली एक हाय."

"पावसात मारली की. रोगाची जागा, नको मारू?"

"पहिला हात रोगासाठी," चाचा म्हणाले. "बंद करणारा माणूस दुसरा हात मारत न्हाई, नीलव्वा."

तिनं सूप उचललं आणि पाखडू लागली. सुपात तूर नव्हती. ती तिनं केव्हाच पाटीत ओतली होती.

तेवढ्यात घरातून उंबऱ्यावर एक कोंबडी आली. काळपट, जुनी, पाय दगडासारखे. पण मान एका बाजूला पार पिळवटलेली, त्यामुळे ती आडवी आडवी चालत होती आणि आमच्याकडं एकाच डोळ्यानं बघत होती.

"ही एकटीच वाचली," नीलव्वा म्हणाली. मग चाचांकडं बघून हनुवटी वर केली. "बोल. बोल की. मान वाकडी हाय. तू बोलल्याबिगर राहतोस होय?"

या माणसानं माझ्या साडूला पोहे खाताना उभं केलं होतं. परक्या लग्नातल्या तंगडीलासुद्धा सोडलं नव्हतं. चाचा खाली मातीत बसले, प्रदर्शनातल्या त्याच नव्या पांढऱ्या शर्टासकट. कोंबडी आडवी चालत त्यांच्याजवळ आली. त्यांनी तिला उचललं नाही. नुसते बघत राहिले, पाय, पाठ, मग तो डोळा.

"मान रोगानं गेली," ते म्हणाले. "रक्तातनं न्हाई. हिची पिल्लं सरळ मानेची निघतील." आणि मग माझ्याकडं वळून, पण तिला ऐकू जाईल असं, "डोळा बघ बे सुभाष. असा डोळा सबंध जिल्ह्यात न्हाई."

नीलव्वानं पदर नाकाला लावला. तुरीची धूळ होती म्हणायला.

चाचा उठले, लुंगी झटकली आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "माझी एक अडचण हाय. कलेक्टर लई आरवतो. गल्लीत तक्रार झालीया. चार महिने कुटंतरी ठेवायला पाहिजे त्याला."

"तक्रार?" नीलव्वानं डोळे बारीक केले. "कुणी केली?"

चाचांनी इकडं तिकडं बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं."

आमची सगळी गल्ली कलेक्टरच्या बांगेवर उठते. मंगल त्याच्या बांगेवर दुधाचं पातेलं चढवते. पण चाचा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की मी म्हणालो, "हो. म्हणजे... झोपमोड होते."

त्यानंतर नीलव्वानं मला जे सुनावलं, त्यातलं कानडी मला कळलं नाही ते बरंच झालं. मराठीतला सारांश असा की, असल्या राजासारख्या पक्ष्याची बांग सहन न होणाऱ्या माणसानं गावात राहू नये, कापूस घालून रानात झोपावं. मान खाली घालून मी ऐकून घेतलं. चाचाही मधूनमधून "बघ की", "काय बोलायचं असल्यांना" म्हणत होते.

मग तिनं डालगं उघडलं. कलेक्टर बाहेर आला, अंग झटकलं आणि उन्हात उभा राहिला. नीलव्वा त्याच्याभोवती फिरली. पाय बघितले. मागून बघितलं. समोर येऊन डोळ्यात डोळा घातला. इतक्या वर्षांत तिनं चाचांच्या पक्ष्याला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि आताही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "शेपटी बरी केली की पेंटर." आणि थोड्या वेळानं, "पिल्लं झाली तर?"

"कोंबडी तुझी, पिल्लं तुझी. मला काय करायचंय?"

"आणि चार महिन्यानं?"

"ह्याची तक्रार मिटली तर बघू," चाचा माझ्याकडं तुच्छतेनं बघत म्हणाले.

निघताना त्यांनी खिशातून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून ओट्यावर ठेवली. कलेक्टरपुढं वाकले, त्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला. "बदली झालीया," त्याला म्हणाले. "नीट राहा. बाई कडक हाय."

गाडीत बसलो. मागची सीट रिकामी, नुसती चादर. अक्कलकोट मागं पडलं. मीच विचारलं, "चाचा, पुढच्या प्रदर्शनात तुम्ही काय मांडणार? इतक्या वर्षांचं काम तिथं ठेवून आलात."

"तुझी चाची असताना," ते म्हणाले, आणि मला वाटलं प्रश्न त्यांनी ऐकलाच नाही, "रोज भांडायची. कोंबड्यावरनं, तेलावरनं, गच्चीवरच्या घाणीवरनं. ती गेली. तेव्हापासून सगळे माझा आदर करतात बे. चाचा, बसा. चाचा, चहा घ्या. चाचा, तुमचं बरोबर हाय. तू बी. मी काय पण बोललो तरी मान डोलवतोस." त्यांनी मागच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. "वर्षातनं एक दिवस मला कुणीतरी 'तुझं चुकलं' म्हणतं. ती पुण्याला जाऊन टीव्ही बघत बसली, तर मी कुणाशी बोलू?"

मी मान डोलवणार होतो, ती आवरली.

वळसंगच्या अलीकडं चाचांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून नाव बघितलं, घसा खाकरला आणि फोन कानाला लावला. पलीकडून इतक्या मोठ्यानं आवाज येत होता की मलाही ऐकू आलं. कलेक्टरनं पाण्याचं भांडं उपडं केलं होतं, ज्वारीला तोंड लावत नव्हता, आणि असल्या लाडावलेल्या कोंबड्याला पेंटरनं कधी काही शिकवलं होतं की नाही.

"ज्वारी भिजवून द्यायची असती!" चाचा ओरडले. "एवढं बी कळत न्हाई होय? म्हणून तुझे नर तसले निघतात!... काय? माझ्या कोंबड्या? माझ्या कोंबड्यांना काय झालं गं?... आँ? हॅलो? हॅलो!"

त्यांनी फोन कानापासून लांब धरून बघितला आणि घाईघाईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मागं घे, गाडी मागं घे बे सुभाष. हितं रेंज न्हाई."

मी गाडी मागं घेतली आणि एका ज्वारीच्या रानाच्या कडेला लावली. चाचा उतरले. एका हातानं लुंगी धरून, दुसऱ्या हातानं फोन धरून ते बांधावरून येरझाऱ्या घालत जोरजोरात भांडू लागले. रानात राखणीला बसलेली एक म्हातारी उठून बघायला लागली. तिनं मला हातानंच विचारलं, काय झालं?

"काही नाही आजी," मी म्हणालो. "बरंय सगळं."